थांबायला जागा

(महाड इथं तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)

दोस्तांनो, आणि दाराशी उभ्या राहिलेल्या पोरींनो. दारात उभ्या राहू नका, पुढं येऊन बसा. विषय तुमचा आहे. तुमच्या शेजारी बसलेल्या या पोरांचा तर जास्तच आहे.

मला विषय दिलाय ‘स्त्री आणि कायदा’. परीक्षेच्या पेपरात येतो तसला हा विषय. मी तो माझ्या भाषेत मांडते. नवऱ्याचा मार खाऊन जी बाई रात्री घर सोडते, ती सकाळी कुठं असते? तिला आत कोण घेतं? ती कुठल्या कोर्टाची पायरी चढते? आणि तो मागोमाग आला तर तिच्या दारात कोण उभं असतं? एवढ्यावरच बोलणार आहे.

तुम्ही २० मार्चला इथं येता. तळ्यावर जाता, ओंजळ भरता, फोटो काढता. काढा. पण त्या ओंजळीच्या आधी काय झालं तेही डोक्यात ठेवा. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क कागदावर आला होता. तरी तीन वर्षं आपल्यातला माणूस त्या पायऱ्या उतरला नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोक घेऊन उतरले, पाणी प्याले, आणि त्याच दिवशी आपल्या माणसांच्या डोक्यात काठ्या पडल्या. कागदावरच्या हक्काला हात लावला की काठी येते, हे महाडनं आपल्याला शिकवलं.

घर सोडणाऱ्या बाईचं हेच होतं. कायदा कधीचा आहे. १९५५ चा विवाह कायदा आहे, तो बौद्धांनाही लागू आहे. त्यात १९७६ साली क्रूरपणा हे घटस्फोटाचं कारण झालं. १९८३ साली चारशे अठ्ठ्याण्णव ‘अ’ आलं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. कागद भरपूर आहे. पण बाई उंबरा ओलांडते तेव्हा काठी येते, आणि बऱ्याचदा ती काठी आपल्याच वस्तीतल्या माणसाच्या हातात असते.

२५ डिसेंबर १९२७ ला याच गावात मनुस्मृती जाळली. विकली काय, टाकली काय, बायको नवऱ्यापासून सुटत नाही, असं सांगणारं ते पुस्तक. बापाच्या ताब्यातून नवऱ्याच्या, नवऱ्याच्या ताब्यातून पोराच्या. ते जाळलं त्याच दिवसांत बाबासाहेब इथं बायकांच्या सभेत वेगळे बोलले. पोरींना शिकवा म्हणाले. नवरा दारू पिऊन आला, पोरगा दारू पिऊन आला, तर त्याला जेवायला वाढू नका, असंही सांगितलं. घरातल्या पुरुषाशी असहकार! हे भाषण आपण २० मार्चच्या स्टेजवरून किती वेळा ऐकलं? तळं पुरुषांनी घेतलं, जाळ पुरुषांनी घेतला, आणि ते न वाढलेलं ताट विसरलं गेलं.

आता त्या परिषदेतली आणखी एक गोष्ट. परिषदेचा मंडप घालायला महाडात जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसानं आपली जागा दिली, म्हणून परिषद उभी राहिली. विचार बाबासाहेबांचा, माणसं आपली, पण पाय टेकायला जमीन कुणीतरी द्यावी लागली. हे लक्षात ठेवा. मी पुढं यावरच येणार आहे.

मी पोलादपूरच्या वरच्या अंगाची. आमच्या तालुक्यात एकीकडं आंबेनळीचा घाट, दुसरीकडं कशेडीचा. वाड्या डोंगराला चिकटलेल्या. गडीमाणूस मुंबईला, नाहीतर महाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर. शिमग्याला नि गणपतीला घर भरतं. आमच्याकडं बाई संध्याकाळनंतर घर सोडू शकत नाही, कारण शेवटची एसटी गेलेली असते. तिनं कधी पळावं हेसुद्धा एसटीचं वेळापत्रक ठरवतं, आणि ते वेळापत्रक नवऱ्यालाही पाठ असतं. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग, शंभर किलोमीटरच्या वर. एक तारीख म्हणजे एक दिवसाची मजुरी, दोन्हीकडचं भाडं आणि कडेवर पोर.

माझं घर सोडून सोळा वर्षं झाली. नवरा चळवळीतला. निळा झेंडा खांद्यावर घेऊन पुढं चालायचा, घोषणा त्याच्याच आवाजात उठायच्या. घरी आला की तोच आवाज माझ्यावर. वस्तीतल्या जाणत्यांनी मला सांगितलं, ‘बाय, भायेर बोलू नको, समाजाची इज्जत जाईल.’ मी त्यांना विचारलं, माझे दात पडले तेव्हा समाजाची इज्जत कुठं होती? उत्तर नव्हतं. यापुढं माझं पुराण सांगत नाही. सांगण्यासारखं आहे ते नंतरचं: सोळा वर्षांत दुसऱ्या बायांबरोबर कोर्टाच्या व्हरांड्यात बसून जे शिकले ते.

पहिलं. तिला सगळे सांगतात, ‘लग्न तिकडं झालं, मार तिकडं खाल्ला, तर केस तिकडंच कर.’ म्हणजे ज्या गावातून ती जीव घेऊन पळाली त्याच गावच्या कोर्टात त्याच्या चार भावांसमोरून चालत जा. हे खोटं आहे. २००५ च्या कायद्याखाली ती जिथं राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो, तात्पुरती राहत असली तरी. पोटगीचा अर्ज ती राहते त्या जिल्ह्यात करता येतो. पूर्वी हे कलम एकशे पंचवीस होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत एकशे चव्वेचाळीस आहे. २००३ च्या दुरुस्तीनंतर घटस्फोटाचा दावाही बायको राहते तिथं लावता येतो. आणि २०१९ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की सासरच्या छळाची फौजदारी केससुद्धा ती जिथं आसऱ्याला आली तिथं चालू शकते, कारण छळाचा त्रास तिच्याबरोबर तिथं आलेला असतो. चारशे अठ्ठ्याण्णव ‘अ’ आता नव्या न्याय संहितेत पंच्याऐंशी आणि शहाऐंशी झालंय. आकडे बदलले, अर्थ तोच.

याचा मतलब काय? ती जिथं थांबेल तिथं कोर्ट आहे. तिला थांबायला जागा मिळाली की अर्धा कायदा तिच्या बाजूला येतो. जागा नाही मिळाली तर ती चौथ्या दिवशी परत जाते, आणि आपण म्हणतो, ‘तिलाच नांदायचं होतं.’

दुसरं, नोटीस. महिना नाही होत तोवर वकिलाचा कागद येतो, ‘नांदायला ये.’ मराठीत टाईप केलेला, खाली शिक्का. बाई तो कागद पाहून थरथरते, आईबाप घाबरतात, भाऊ म्हणतो, ‘जा बाई, नायतर पोलीस येतील.’ कुणी येत नाही. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. उद्या कोर्टानं नांदण्याचा हुकूमनामा दिला तरी बाईला धरून कुणी सासरी पोचवू शकत नाही. मार हे न नांदण्याचं कायदेशीर कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेही सांगितलं, की नवऱ्यानं नांदण्याचा हुकूमनामा मिळवला आणि बायको सबळ कारणानं गेली नाही, तर तेवढ्यावरून तिची पोटगी बुडत नाही. कागदाला उत्तर मात्र द्या. गप्प बसून कागद चुलीत घालू नका.

ही नोटीस जुनी आहे. मुंबईत सुतार समाजातली रखमाबाई होती. लहानपणी लग्न लागलेलं, नवऱ्याकडं जायला नकार दिला. १८८४ साली त्यानं दावा लावला. १८८७ साली हायकोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंग चालेल. टिळकांसारखे पुढारी तिच्या विरुद्ध लिहीत होते. १८८८ साली प्रकरण मिटलं, नवऱ्याला पैसे देऊन. पुढं ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली. आज कुठल्याही बाईला यासाठी तुरुंग नाही. पण नोटीस वाचताना तिच्या अंगाला सुटणारा काप तोच आहे.

तिसरं, डीव्हीची केस म्हणजे काय ते समजून घ्या. ही दिवाणी दिलाशाची केस आहे, नवऱ्याला लगेच आत टाकायची नाही. त्यात मागायचं काय? संरक्षणाचा हुकूम: त्यानं तिच्या घराशी, कामाच्या जागी, पोराच्या शाळेशी फिरकायचं नाही, फोन करायचा नाही. राहण्याचा हुकूम: तिला घराबाहेर काढायचं नाही, किंवा दुसऱ्या जागेचं भाडं द्यायचं. घर सासूसासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तिचा राहण्याचा हक्क आपोआप संपत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० साली स्पष्ट केलं. शिवाय खर्चाचे पैसे, नुकसानभरपाई, पोरांचा तात्पुरता ताबा. फार धोका असेल तर त्याला न ऐकता आधी अंतरिम हुकूम देता येतो. हुकमाची नक्कल फुकट मिळते, पोलीस ठाण्यालाही जाते. आणि तो हुकूम त्यानं मोडला, की तो दखलपात्र गुन्हा, अजामीनपात्र, एक वर्षापर्यंत कैद. साक्षीदार नाही म्हणून रडायचं नाही; एकट्या बाईच्या साक्षीवर कोर्ट हा गुन्हा झाला असं ठरवू शकतं. लग्न न लावता नवराबायकोसारखे राहिले असतील तरी हा कायदा लागतो.

कायद्यात लिहिलंय, पहिली तारीख तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. व्हरांड्यात बसलेल्या बायका हे ऐकून हसतात. तारखा पडतात, समन्स परत येतं, तो पत्ता बदलतो. म्हणून पहिल्याच अर्जात अंतरिम पोटगी मागा. २०२० साली सुप्रीम कोर्टानं ठरवलं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, आणि दोघांनी उत्पन्नाचं, मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. पोटगी थकली की वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाका. वर्ष उलटलं तर वॉरंटाचा रस्ता बंद होतो. वकिलाला पैसे नाहीत? बाई म्हणूनच तिला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तसं आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं जा. फोन १५१००.

चौथं, आणि पोरांनो, हे नीट ऐका. घर सोडल्यावर धोका संपत नाही. वाढतो. ताब्यातली वस्तू हातची गेली म्हणून तो चवताळतो. सोडल्यानंतरचे दिवस सगळ्यांत वाईट. आणि एफआयआर झाला म्हणजे तो आत गेला असंही नाही. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून अशा केसमध्ये सरसकट अटक होत नाही; पोलीस नोटीस देऊन सोडू शकतात. म्हणजे दुपारी ठाण्यात बसलेला माणूस रात्री तिच्या माहेरच्या अंगणात असू शकतो. त्या रात्रीची तयारी केस टाकण्याच्या आधी करायची.

तयारी म्हणजे काय? त्याच्या नावावरचं सिम काढून टाकायचं. फोनमधलं खातं त्यानं उघडून दिलेलं असेल तर नवं उघडायचं, नाहीतर ती कुठं आहे ते त्याला घरबसल्या दिसतं. बँकेचं खातं तिच्या एकटीचं, पासबुक तिच्याकडं. सरकारी योजनेचे पैसे ज्या नंबरवर कळतात तो नंबर तिचा. शाळेत मास्तरांना लेखी सांगायचं, पोर कुणाच्या हाती द्यायचं नि कुणाच्या नाही. पाच वर्षांखालचं पोर सर्वसाधारणपणे आईकडं, असं १९५६ चा कायदा म्हणतो. त्यापुढं पोराचं हित पाहून कोर्ट ठरवतं. शेजारच्या दोन घरांना खूण सांगून ठेवायची. ११२ वर पोलीस, १८१ वर महिलांची हेल्पलाईन.

आणि कागद. आधार, रेशनकार्ड, पोरांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, लग्नाची पत्रिका, धम्मविधीचे फोटो. नवऱ्याच्या जातीच्या दाखल्याची नि शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्ससुद्धा! उद्या पोराचा जातीचा दाखला काढायला गेली की बापाकडची १९५० च्या आधीची नोंद मागतात, आणि बाप ती देत नाही. मार संपला तरी पोराची स्कॉलरशिप त्याच्या मुठीत राहते. कागदांचे दोन संच करा, दोन घरी ठेवा. जुलै २०२१ च्या पुरात महाडात घरंच्या घरं बुडाली, कपाटातल्या फायलींचा चिखल झाला. एका ठिकाणी ठेवलेला कागद आमच्याकडं कागद नसतो.

दवाखान्यात गेली तर डॉक्टरला ‘पाय घसरला’ सांगायचं नाही. ‘नवऱ्यानं मारलं’ असंच केसपेपरवर आलं पाहिजे. ठाण्यात नुसती एनसी लिहून परत पाठवलं तर तिची नक्कल घ्यायची, ती पुढं पुरावा होते. एका ठाण्यात आमच्या एका पोरीला सांगितलं, ‘तुमच्या लोकांत हे रोजचंच.’ जात अशी बोलते. बामणाच्या घरातला मार बंद दाराआड असतो म्हणून तो संस्कार, आणि आमच्या वस्तीतला मार भिंत पातळ म्हणून तो आमचा धर्म! हे ऐकून घ्यायचं नाही. पण हे ऐकावं लागेल म्हणून आपल्या घरातलं झाकायचंही नाही. ठाण्यातला जातवाला आणि घरातला नवरा, दोघं तिला एकच सांगतात: गप परत जा.

आता आपलं आपल्यात. कोकणातल्या बौद्धवाडीला एक गावची कमिटी असते, एक मुंबईची. भांडण तिथं जातं. दंड होतो, समज होते, नारळ फुटतो, आणि बाई परत त्याच दारात. नाहीतर स्टँपवर सोडचिठ्ठी लिहून घेतात, ‘आमची एकमेकांवर काही तक्रार नाही.’ दोस्तांनो, तो स्टँप म्हणजे घटस्फोट नव्हे. रूढीनं काडीमोड होते असं म्हणायचं तर ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. त्या स्टँपवर भरवसा ठेवून तिनं दुसरं लग्न केलं तर उद्या तीच अडचणीत येते. आणि ‘तक्रार नाही’ हे वाक्य तिच्या पोटगीच्या केसमध्ये तिच्याच तोंडावर मारलं जातं. अंगठा देऊ नका, सही देऊ नका.

तिला आसरा देणाऱ्या घराला कमिटी धमकी देते, ‘तुमच्याशी संबंध तोडू.’ वाळीत टाकणं हे रायगडला नवं नाही. या जिल्ह्यातल्या गावक्यांची प्रकरणं चव्हाट्यावर आली, आणि २०१६ साली महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. हा कायदा सवर्णांच्या गावकीला लागतो तसा आपल्या कमिटीलाही लागतो. ज्या समाजाला हजारो वर्षं वाळीत टाकलं, त्या समाजानं आपल्याच लेकीला वाळीत टाकावं?

मग तुम्ही काय करायचं? पहिलं, त्याला तोडायला जाऊ नका. तुमचं रक्त गरम आहे, मला माहीत आहे. चार पोरं घेऊन तुम्ही त्याला चोपलात की क्रॉस केस होते, तुम्ही आत जाता, आणि ती तुमच्या जामिनासाठी पळत बसते. तिच्या केसचा कणा तुम्हीच मोडता. ताकद असेल तर ती तारखेला दाखवा. तिच्याबरोबर एसटीत बसा. कोर्टाच्या दारापर्यंत चालत जा, तिचं पोर धरून व्हरांड्यात बसा. त्याच्या भावकीनं पाहू दे, ती एकटी नाही. ज्या दिवशी समन्स बजवायचं त्या दिवशी तो कुठं कामाला आहे, हे बेलिफाला शोधून द्या. तिचे अर्ज लिहा, शिकलात कशाला?

दुसरं, तुमच्यातलाच असेल तर? शाखेचा अध्यक्ष असेल, कवी असेल, मोर्चात पुढं असेल? त्याला माईक देऊ नका. त्याच्या नावाचं पोस्टर लावू नका. ‘चळवळ बदनाम होईल’ म्हणतात. चळवळ त्याच्या हातानं कधीच बदनाम झाली, आपण फक्त झाकण धरून बसलोय.

तिसरं, जागा द्या. मी मघाशी फत्तेखानांचं सांगितलं ते यासाठी. जिल्ह्याची सखी केंद्रं आहेत, संरक्षण अधिकारी आहेत, त्यांना गाठायचंच. पण पोलादपूरच्या वरच्या वाडीतून रात्री निघालेल्या बाईला सकाळपर्यंत अलिबाग गाठता येत नाही. तिला महाडात एक खोली पाहिजे. माहेर सोडून दुसरी, जिचा पत्ता त्याला माहीत नाही. विहारात एक खोली रिकामी करा. जयंतीच्या वर्गणीतून एका डीजेचे पैसे कमी करा, त्यात वर्षाचं भाडं निघेल. किल्ली दोन बायांकडं ठेवा, पुरुषांकडं नको.

शेवटचं. काही पोरं म्हणतात, कोर्ट हे व्यवस्थेचं, तिथं काय मिळणार. १९२७ च्या डिसेंबरात सवर्णांनी इथल्या दिवाणी कोर्टातून तळ्यावर मनाई हुकूम आणला. बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं थांबवलं, पुस्तक जाळलं, आणि कोर्टात उभे राहिले. खालचं कोर्ट, अपील, हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल आपल्या बाजूनं दिला. दहा वर्षं! एका तळ्यासाठी दहा वर्षं तारखा केलेल्या माणसाचे आपण वारस. एका बाईच्या केसला दोन वर्षं लागली तर तिसऱ्या तारखेला तुमचा उत्साह संपायला नको.

सभा संपली की पोरांनी पांगू नका. विहाराची ती मागची खोली आज बघून घेऊ. कुलूप कुणाकडं आहे तेवढं विचारून ठेवा.

जयभीम.